शून्याची खातरजमा

मराठीत विजेच्या तारेला ‘जिवंत’ म्हणण्याची रीत आहे. ‘जिवंत तारेचा स्पर्श होऊन मृत्यू’ हा मथळा पावसाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कुठेतरी असतोच, आणि तो वाचताना त्या विशेषणातला कडवटपणा सहसा कोणाला जाणवत नाही. तारेचे जिवंत असणे आणि माणसाचे नसणे ही दोन्ही त्या पाच शब्दांत शेजारीशेजारी बसलेली असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडचे अहवाल पाहिले, तर भारतात दरवर्षी १० हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात असे दिसते. यातली कित्येक माणसे अडाणी नव्हती, बेफिकीरही नव्हती. समोरची तार मृत आहे अशी त्यांची समजूत होती, इतकेच.

ही समजूत होण्याचे कारण तारेच्या स्वभावातच आहे. जिवंत तार आणि मृत तार यांत डोळ्याला दिसेल असा कोणताही फरक नसतो. तिला आवाज नाही, वास नाही, तेज नाही. पंचेंद्रियांपैकी उरतो तो स्पर्श, आणि त्याची किंमत फार मोठी. जुने वायरमन हाताच्या उलट्या बाजूने तार चाचपत. धक्का बसून स्नायू आखडलेच तर बोटे आतल्या बाजूला मिटतात, तेव्हा तार मुठीत सापडू नये, हात तिच्यापासून दूर जावा, एवढा त्यातला हेतू. या सावधगिरीत शरीरशास्त्र आहे, हे खरे. परंतु जीव सोपवावा असे ते साधन नव्हे. त्यानंतर टेस्टर आला: मुठीत निऑनचा इवलासा दिवा घेऊन आलेला पेचकस. तो पेटला की वीज आहे असे मानायचे. पेटला नाही तर? टेस्टरवर श्रद्धा असणारा माणूस या प्रश्नापाशी थांबत नाही, आणि तारेशी होणाऱ्या व्यवहारातला धोका नेमका इथे सुरू होतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मराठी परिभाषेत वायरमनला ‘तारतंत्री’ म्हणतात आणि इलेक्ट्रिशियनला ‘वीजतंत्री’. परिभाषा घडवणाऱ्यांच्या हातून घडलेल्या शब्दांपैकी हे दोन बरे उतरले आहेत. तारतंत्रीत तर एक अनपेक्षित लय आहे, कारण संस्कृतात ‘तंत्री’ म्हणजेही तारच, वीणेची. लखनौत मात्र या माणसाला मिस्त्री म्हणतात आणि तो वयाने मोठा असेल तर हाताखालचा पोरगा त्याला उस्ताद म्हणतो. गवयाला आणि वायरमनला एकाच शब्दाने हाक मारणारे हे शहर आहे, आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही.

या उस्तादाच्या पिशवीत आज पकड, पेचकस, चिकटपट्टी यांच्या जोडीला एक पिवळा किंवा काळा डबा असतो. त्याला दोन लांब वायरी, एक लाल आणि एक काळी, टोकाशी सुईसारख्या सळ्या. हा मल्टिमीटर. त्याला ‘बहुमापी’ असा सरळ प्रतिशब्द देता येतो, पण बाजाराने तो घेतलेला नाही. या यंत्राचा जन्म कंटाळ्यातून झाला, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही. तार आणि टेलिफोनच्या दुरुस्तीसाठी व्होल्ट मोजायला एक यंत्र, अँपिअर मोजायला दुसरे, ओहम मोजायला तिसरे अशी ओझी वाहून कंटाळलेल्या डोनाल्ड मॅकॅडी या ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंत्याने ती तिन्ही एका पेटीत कोंबली; १९२३ साली ती पेटी बाजारात आली आणि अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ‘अॅव्हो’ पडले. ती निरनिराळ्या रूपांत २००८ पर्यंत बनत राहिली. भारतात हे काम महाराष्ट्राने, त्यातही नाशिकने, आपलेसे केले. नाशिकरोडच्या मोटवाने कंपनीचा काटेवाला मल्टिमीटर देशभरच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हाताळला. हे तेच मोटवाने, ज्यांच्या शिकागो रेडिओ या नावाच्या ध्वनिक्षेपकांवरून स्वातंत्र्यपूर्व काळात काँग्रेसच्या नेत्यांचा आवाज सभांतून पोहोचला. १९४२च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या प्रकरणात नानिक मोटवाने यांना अटकही झाली होती. पुढे सातपूरच्या ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सनेही याच मापनयंत्रांच्या धंद्यात नाव कमावले. लखनौच्या नाका हिंडोला बाजारात मीटर विकत घेणाऱ्या मिस्त्रीला गोदावरीकाठच्या या गावाची याद असण्याचे कारण नाही. शिवाय आज त्याच्या हाती पडणारा मीटर बहुधा चीनमध्ये बनलेला असतो, आणि तो स्वस्त असतो. स्वस्तपणाचा मुद्दा पुढे येईल.

लखनौच्या जुन्या वस्त्यांत, चौक, नक्खास, अमीनाबाद या भागांत, या यंत्राची खरी परीक्षा होते. इथल्या पुष्कळ घरांच्या भिंती लखौरी विटांच्या आहेत: पातळ, लहान विटा, चुना-सुरखीत रचलेल्या, जाडीला हात-दोन हात. वीज या घरांत उशिरा आली आणि पाहुण्यासारखी भिंतीच्या बाहेरच राहिली. भिंत फोडून आत नळी घालणे त्या चुन्याला सोसणारे नव्हते. तेव्हा चुन्यात लाकडी गुट्ट्या ठोकून, सागवानी केसिंग-कॅपिंगच्या पट्ट्यांतून, रबर आणि कापड गुंडाळलेल्या तारा गेल्या. पुढच्या पिढीने बॅटनवर नव्या तारा ओढल्या. मग स्वस्ताई म्हणून अॅल्युमिनियम आले, कूलर आले तेव्हा तांबे आले, एसी आला तेव्हा आणखी जाड तांबे आले. आधीचे कोणी काढून टाकले नाही. एकाच खोलीच्या कोपऱ्यात चिनी मातीचा किटकॅट फ्यूज, बॅकेलाइटचा गोल काळा स्विच आणि नवाकोरा एमसीबी एकमेकांना साक्ष देत बसलेले दिसतात. जुन्या पोथ्यांचा पाठ सिद्ध करणाऱ्या संशोधकाला ही स्थिती ओळखीची वाटेल: मूळ संहितेवर नकलाकारांनी चढवलेले थर, समासातल्या दुरुस्त्या, आणि कोणी कुठे काय बदलले याची नोंद कुठेच नाही. लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थची, हा नियम नव्या इमारतीत ठीक. जुन्या घरात त्या दिवशी मिस्त्रीच्या पिशवीत ज्या रंगाची तार होती, तीच वापरली गेलेली असते. रंगावर विश्वास ठेवणाऱ्याने अशा घरात शिरू नये.

घराबाहेरचे दृश्य सांगायला नको. खांबावर तारांचे जाळे आणि त्या जाळ्याला लटकलेल्या कटिया. उत्तर प्रदेशात जिला कटिया म्हणतात, तिला मराठीत आकडा म्हणतात. ‘आकडा टाकून’ वीज घेणे हा महाराष्ट्रातल्या गावांनाही चांगला परिचित व्यवहार आहे. भाषेची गंमत अशी की चोरीच्या त्या गळालाही आकडा हाच शब्द आणि मीटरच्या पडद्यावर उमटणाऱ्या संख्येलाही तोच. दोन्हींवर भरवसा ठेवण्यापूर्वी ते कुठे अडकवले आहेत हे पाहावे लागते.

मिस्त्री भिंतीवरच्या तीन छिद्रांपुढे बसतो. वरचे मोठे छिद्र अर्थचे, उजवीकडचे फेजचे, डावीकडचे न्यूट्रलचे, अशी निदान अपेक्षा असते. मीटरची कळ तो एसी व्होल्टवर आणतो. काळी सळई न्यूट्रलमध्ये, लाल फेजमध्ये: २३०च्या आसपास आकडा यावा. मग फेज आणि अर्थ: जवळजवळ तेवढाच यावा. शेवटी न्यूट्रल आणि अर्थ: एक-दोन व्होल्ट, क्वचित थोडे अधिक. पुस्तकात एवढेच असते, आणि दहा मिनिटांत कोणालाही शिकवता येते. अवघड आहे ते पुढचे. आकडा अपेक्षेप्रमाणे आला नाही तर काय समजायचे. आणि त्याहून अवघड, तो अपेक्षेप्रमाणे आला तर काय समजायचे.

पहिल्या अडचणीचे उदाहरण न्यूट्रलचे. घरातला दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, आणि टेस्टर लावला तर दोन्ही छिद्रांत पेटतो. ‘दोनों में करंट आ रहा है,’ असे घरातली मंडळी भेदरून सांगतात. महाराष्ट्रातल्या घरातही हेच वाक्य मराठीत ऐकू येते. वीज दुप्पट झाली असा त्यांचा समज असतो. वस्तुतः झालेले असते ते उलट. न्यूट्रल म्हणजे विजेची परतीची वाट. ती मध्येच तुटली की फेजवरचा दाब कुठल्यातरी चालू ठेवलेल्या बल्बच्या तारेतून पलीकडे जातो आणि परत फिरायला वाट न मिळाल्याने न्यूट्रलच्या तारेत तुंबून राहतो. मीटर इथे स्वच्छ बोलतो: फेज आणि न्यूट्रल यांच्यात शून्य, फेज आणि अर्थ यांच्यात २३०, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातही २३०. टेस्टरला जायची वाट तेवढी कळते, यायची कळत नाही. हीच वाट घरात न तुटता बाहेर, रोहित्राजवळ तुटली, तर तीन फेजांवर वाटलेल्या घरांचा तोल जातो. एका घरात दिवे मंदावतात आणि शेजारच्या घरात ३०० व्होल्टच्या पुढे जाऊन टीव्ही, फ्रिज, पंखे धडाधड जळतात. ज्याला कोणी मोजावे असे मानत नाही ती काळी तार अशी सगळ्या गल्लीचा समतोल सांभाळत असते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे, कारण तिच्यात आकडा बरोबर असतो आणि वस्तुस्थिती चूक. जुन्या घरांत बहुधा अर्थिंग नसतेच. असले तरी अंगणातल्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालून पुरलेली पट्टी केव्हाच गंजून गेलेली असते, किंवा मे-जूनच्या लूत सभोवतीची माती इतकी सुकते की ती वीज घेईनाशी होते. म्हणून त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायची जुनी शिस्त होती. ज्यांनी ती पाळली त्यांना तिचे कारण ठाऊक असेलच असे नाही, पण ती बरोबर होती. अर्थिंग नसले की फ्रिजच्या दाराला हात लावताच झिणझिण्या येतात. घरमालक तक्रार करतो. तेव्हा एखादा चलाख मिस्त्री प्लगपॉइंट उघडतो आणि आतल्या आत बोटभर तारेने न्यूट्रल व अर्थ जोडून टाकतो. झिणझिण्या थांबतात. मीटर लावून पाहिला तर फेज आणि अर्थ यांच्यात २३०, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. मालक खूश, मिस्त्री मजुरी घेऊन निघून जातो. आणि पुढे कधीतरी, पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री, मागची न्यूट्रल तार तुटते. त्या क्षणी फ्रिजचा सगळा पत्रा जिवंत होतो. असे काम करणाऱ्याला हलगर्जी म्हणणे सौम्यपणाचे ठरेल.

ही लबाडी मीटरच्या साह्याने पकडता येते, पण त्यासाठी एका विचित्र गोष्टीवर संशय घ्यावा लागतो: परिपूर्णतेवर. खरी अर्थ दूर कुठेतरी जमिनीत असते आणि न्यूट्रलच्या तारेतून प्रवाह वाहत असतो. म्हणून त्याच प्लगवर इस्त्री वा हीटर चालू करून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजले, तर थोडे व्होल्ट दिसलेच पाहिजेत, कारण तारेला स्वतःचा रोध असतो. तिथे निखळ शून्य आले, तर ते चांगले लक्षण नव्हे. दोन तारा पाठीमागे एकमेकींना भेटल्या आहेत, असा त्याचा अर्थ संभवतो. अनुभवी मिस्त्री अशा शून्याकडे पाहून तोंडाने काही बोलत नाही. पेचकस घेतो आणि प्लगपॉइंट उघडतो.

मीटर नसलेली वीज दाखवतो, हाही एक प्रकार आहे. स्विच बंद आहे, तार दुसऱ्या टोकाला मोकळी आहे, तरी पडद्यावर ४०, ६०, कधी ९० व्होल्ट दिसतात. शेजारून धावणाऱ्या जिवंत तारेचा प्रभाव या मोकळ्या तारेवर पडतो, आणि आजचा डिजिटल मीटर इतका थोडा प्रवाह मागतो (त्याचा आतला रोध साधारणपणे १ कोटी ओहमचा असतो) की त्या सावलीलाही तो वस्तू समजतो. जुना काट्याचा मीटर असा फसत नसे. तो जाडाभरडा होता. स्वतःचा काटा हलवायलाच त्याला प्रवाह लागे, आणि तो मागताच सावली विरून जाई. अधिक संवेदनशील यंत्र अधिक सत्य सांगते, या आधुनिक श्रद्धेला हा एक छोटासा धक्का आहे. उपाय अगदी घरगुती: त्या दोन टोकांत एक साधा बल्ब जोडायचा आणि मग मोजायचे. खरी वीज असेल तर बल्ब पेटेल आणि आकडा टिकेल. भुताटकी असेल तर आकडा खाली कोसळेल. ओझे उचलायला सांगितले की कोण खरा ते कळते, हा न्याय तारेलाही लागू आहे.

यंत्राने मोजलेले आणि जाणत्या इंद्रियाने ओळखलेले यांच्यातला वाद लखनौला नवा नाही, आणि तो या शहरात एका मराठी माणसाच्या मागोमाग आला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज उभे राहिले; कैसरबागेतली त्यांच्या नावाची संस्था आज विश्वविद्यालय आहे. त्याआधी दहा वर्षे, १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत, कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इ. क्लेमेंट्स यांच्या गणिताने सिद्ध केलेल्या श्रुतींची पेटी चर्चेला आली होती, आणि पेटीतला स्वर व गायकांच्या गळ्यातला स्वर यांचा मेळ काही बसेना. देवलांची आकडेमोड खोटी नव्हती. गवय्यांचा कानही खोटा नव्हता. भातखंडे यांनी शिक्षणासाठी बारा स्वरांची चौकट घेतली आणि बारीक श्रुतींचा निवाडा गुरूच्या गळ्यावर सोपवला. या तडजोडीवर टीका पुष्कळ झाली, तरी शिकवणे तिच्यामुळेच शक्य झाले हे नाकारता येत नाही. मल्टिमीटरमध्येही एक स्वर आहे. सलगतेच्या कळीवर दोन टोके एकाच तारेची असली की तो ‘पीं’ करतो. गर्दीच्या बोर्डात मान घातलेला मिस्त्री पडद्याकडे पाहतच नाही, या आवाजावर तार ओळखतो. पण ‘पीं’ एवढेच सांगते की वाट अखंड आहे. ती किती रुंद आहे, हे सांगत नाही. वीस धाग्यांतले एकोणीस तुटून एकच उरला असेल तरी मीटर तितक्याच आनंदाने वाजतो.

त्या एका धाग्यातून एसीचा प्रवाह जाऊ लागला की पुढची गोष्ट घडते. सैल पडलेल्या एखाद्या जोडाचा रोध समजा अर्धा ओहम झाला. त्यातून १० अँपिअर गेले, तर तिथे ५ व्होल्ट खर्च होतात. २३०ऐवजी २२५ दिसले म्हणून कोण चिंता करणार? परंतु तेवढ्या जागेत त्या वेळी ५० वॅट उष्णता निर्माण होत असते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची इस्त्री साधारण २५ वॅटची असते. म्हणजे तशा दोन तापलेल्या इस्त्र्या, जुन्या सागवानी पट्टीच्या पोटात, रात्रभर. अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला नुसती पिळून जोडली असेल, तर हे होण्याची शक्यता अधिक, कारण दोन धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत आणि जोड वर्षागणिक सैल होत जातो. हा दोष मोकळ्या तारेवर दिसत नाही. भार चालू ठेवून बोर्डाच्या मुळाशी आणि शेवटच्या टोकाला असे दोनदा मोजावे, मधला फरक पाहावा, आणि फरकाची जागा शोधत एकेक जोड गाठावा. तेव्हा तो सापडतो. वेळ लागतो, आणि या वेळेचे पैसे द्यायला कोणी तयार नसते. लखौरी भिंतीत मुरलेल्या ओलीने तारेचे आवरण किती खाल्ले, हे तर या मीटरला सांगताच येत नाही. त्याच्या पोटातल्या ९ व्होल्टच्या बॅटरीला ते झेपणारे नाही. त्यासाठी ५०० व्होल्ट घालणारा मेगर लागतो, आणि जुन्या लखनौतल्या घरात तो घेऊन येणारा मिस्त्री विरळा.

आग लागली की मात्र उत्तर तयार असते: ‘शॉर्ट सर्किट’. ५ सप्टेंबर २०२२ रोजी लखनौच्या हजरतगंज भागातल्या एका हॉटेलात लागलेल्या आगीत ४ माणसे गेली. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षात १० बाळे गेली. १५ नोव्हेंबर २०२४च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात, तशाच कक्षात, पुन्हा १०. तिन्ही ठिकाणी पहिला संशय विजेवर गेला आणि तोच शब्द वर्तमानपत्रांतून फिरला. त्या शब्दाने काही उलगडते, असे वाचणाऱ्याला वाटते. ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ या वाक्याने जितके उलगडते, तितकेच ते. कोणता जोड, कोणी केलेला, त्यावर किती भार, आणि तो शेवटचा कोणी कधी मोजला होता, हे प्रश्न शॉर्ट सर्किट या दोन शब्दांखाली गाडले जातात. भंडारा आणि झाशी यांच्यात ४६ महिन्यांचे अंतर होते. एवढ्या काळात एका माणसाला, एक मीटर घेऊन, बरेच बोर्ड पाहता आले असते.

कधी दोष घरात नसतोच. १२ ऑगस्ट २०२०ला, जन्माष्टमीच्या दिवशी, लखनौसह उत्तर प्रदेशात स्मार्ट मीटर बसवलेल्या असंख्य घरांची वीज एकाएकी गेली. खांबावर वीज होती, शेजाऱ्याकडे दिवे होते, फ्यूज शाबूत होते. अशा वेळी मीटरने एका मिनिटात निवाडा होतो: वीजमीटरच्या आत येणाऱ्या दोन तारांत २३०, बाहेर पडणाऱ्या दोन तारांत शून्य. दोष मधल्या मोहोरबंद डब्यात, आणि त्या डब्याला मिस्त्रीने हात लावायचा नसतो. घराची वायरिंग उसवण्याआधी ही दोन मापे ज्याने घेतली, त्याने त्या घराच्या भिंती वाचवल्या.

या कामातला सगळ्यात बेभरवशाचा आकडा कोणता, असे विचारले तर अनुभवी माणूस शून्याकडे बोट दाखवील. २३० खोटा असण्याची शक्यता थोडी. शून्य मात्र अनेक कारणांनी येते. तार खरोखर मृत असेल. मीटरची बॅटरी उतरली असेल. सळईची वायर आतून तुटली असेल, जे स्वस्त मीटरमध्ये नित्याचे. कळ एसीऐवजी डीसीवर राहिली असेल. त्या कळीवर घरातली वीज जवळजवळ शून्यच दिसते. सळई रंगाच्या वा गंजाच्या थरावर टेकली असेल. पडद्यावर यांतले प्रत्येक शून्य हुबेहूब सारखे दिसते, आणि त्यांतल्या पहिल्याच शून्यावर हात ठेवता येतो. उलट प्रकारची चूकही आहे: लाल वायर अँपिअरच्या भोकात विसरून तशीच फेज-न्यूट्रलला लावणे. तेव्हा मीटर मापनयंत्र उरत नाही, तांब्याचा तुकडा होतो. चांगल्या मीटरच्या पोटातला फ्यूज तेव्हा उडून माणसाला वाचवतो. स्वस्त मीटरमध्ये तो फ्यूज नुसता नावापुरता असतो, आणि डब्यावर छापलेल्या सुरक्षिततेच्या खुणा छापणाऱ्याच्या मर्जीच्या असतात.

म्हणून जुने उस्ताद मृत तारेपाशी एक क्रम पाळतात. तो ते शिकवत नाहीत, नुसते करतात. पोराने पाहून उचलावा. पोरगा बोर्डात सळया टेकवून म्हणतो, ‘उस्ताद, बंद है.’ उस्ताद मीटर त्याच्या हातातून घेतो आणि तारेकडे पाहतही नाही. तो उठून जिन्याजवळच्या प्लगपॉइंटशी जातो, जिथे वीज आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि तिथे २३०च्या आसपास आकडा येतो का ते पाहतो. मग परत बोर्डाशी येतो: फेज-न्यूट्रल शून्य, फेज-अर्थ शून्य, न्यूट्रल-अर्थ शून्य. मग पुन्हा जिन्याजवळ जातो, कारण मधल्या अर्ध्या मिनिटातही वायर तुटू शकते. तिथे आकडा पुन्हा उमटतो. या घरात इन्व्हर्टर आहे का, असे तो मालकिणीला विचारतो. आहे, म्हटल्यावर त्याची तार कुठून कुठे गेली आहे ते तिच्याकडून समजून घेतो, इन्व्हर्टर बंद करवतो, आणि तिन्ही मापे पहिल्यापासून घेतो.

मग तो पकड मागतो.